मशीनमधला हात

औंढ्याच्या व्हिडिओ गेम स्पर्धेवर मी माहितीपट केला. अंतिम सामन्याआधी बालाजीच्या मशीनचं बटण अडकलं, ते त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्या वैजनाथनंच दुरुस्त करून दिलं. पुढे वैजनाथ जिंकला. पण फिल्मला खलनायक हवा होता, म्हणून मी बटण अडकल्याचं दृश्य कापलं आणि मशीनमध्ये स्क्रूड्रायव्हर घातलेला वैजनाथचा हात तेवढा ठेवला.

मंगल कार्यालयात फिल्म दाखवली, तेव्हा तो हात दिसताच लोक "चोर, चोर" ओरडले. तेवढ्यात स्पीकर बंद पडला. मला तो उघडता येईना. शेवटच्या रांगेतून वैजनाथ उठून आला आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर त्यानं माझ्यापुढे धरला.



"कोणता स्क्रू खोलायचा ते मी सांगतो, साहेब. हात तेवढा तुमीच घाला."