फडक्याची कॉफी

जयवंताबाई अमरावतीहून अकोल्याला परतल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. पिशवी ओट्यावर टाकून त्यांनी पाण्याचं पातेलं चढवलं.

"रिपोर्ट काय म्हन्ते?" केशवरावांनी दारातूनच विचारलं.

"थांबा ना जरा. आधी कॉफी पिऊ."

जंगलखात्याच्या नोकरीत चिखलदऱ्याला असताना केशवरावांना कॉफीचं वेड लागलं. तिथलीच भुकटी, फडक्याच्या गाळणीतून सावकाश उतरलेली, वर तेलाचा तवंग. मग एक दिवस छातीत कळ आली. तो तवंगच वाईट, कागदातून गाळा, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून त्यांची लेक आचल पुण्याहून कागदी गाळण्यांची पाकिटं पाठवायची. प्रत्येक गाळणी एकदा वापरायची, फेकून द्यायची.

"हे कॉफी हाय का कागद धुतल्याचं पानी?" केशवराव रोज कुरकुरत.

"गुमान प्या," जयवंताबाई म्हणत. फडक्याची गाळणी त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवली होती.

गेल्या आठवड्यात दोघं अमरावतीला तपासणीला गेले होते. केशवरावांचं हृदय दाखवायचं होतं; आलोच आहोत तर म्हणून जयवंताबाईंनीही दुखरं पोट दाखवून घेतलं. आज रिपोर्ट आणायला मात्र त्या एकट्याच गेल्या.

आणि आता त्यांच्या हातात फडक्याची गाळणी होती.

केशवरावांनी ती लगेच ओळखली. एक घोट म्हणून न देणारी ही बाई आज आपण होऊन फडकं काढते? डॉक्टरांनी हात टेकले असणार. आता काय प्यावं, काय नाही, याला अर्थच उरला नसणार.

ते पाटावर बसले. "जयवंता, लपवू नको. मी किती दिवसाचा हाओ?"

"तुमाले काई नाई झालं. हृदय ठणठणीत हाय. कधीमधी फडक्याची चालते म्हने आता."

"मंग रडून काहून राहिली?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "इकडं या. धरा हे. पानी भस्सकन ओतू नका, बारीक धार सोडा. अन् मांगून साबन लावू नका फडक्याले, नुसत्या गरम पान्यानं धुवा."

"मले काहून शिकवून राहिली? तू हायेस ना!"

"हाओ ना," जयवंताबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत."