ढिल्या स्टिअरिंगची खुळखुळ

आबांची जुनी स्पोर्ट्स कार कळसाडीच्या रस्त्यावर दिसण्याआधी ऐकू यायची. स्टिअरिंगचा ढिला दांडा खुळखुळायचा, आणि तो आवाज आला की त्यांची बायको फुलवंताबाई चहा टाकायची.

आबा गेल्यावर गाडी मुलीकडे, सीमाकडे आली. रविवारी तिने डॅशबोर्डखाली शिरून दांड्याचे बोल्ट आवळले आणि एक चक्कर मारली. गाडी अगदी गप्प झाली होती. सीमालाच करमेना.

संध्याकाळी मायलेकी ओट्यावर बसल्या असताना उसाच्या बाजूने तीच खुळखुळ येऊ लागली. गाडी तर अंगणात उभी होती.

"फाटक उघाड माय," फुलवंताबाई उठत म्हणाली, "तुन्हा आबा ई ऱ्हायना."

आबा येताहेत म्हटल्यावर सीमाने फाटक उघडलं. आवाज तिच्या शेजारून आत गेला आणि थांबला. स्टिअरिंगच्या बाजूने गाडी हळूच खाली दबली.