बेडूक नंबर सतरा

बरणी फुटली नाही. फक्त झाकण उडालं आणि नेलिदाची सकाळची पहिली लघवी रस्त्याच्या धुळीत जिरून गेली. तिचा नवरा एवारिस्तो सायकलखालून उठला आणि त्यानं सीटला शिव्या घातल्या. सीट टोचायची म्हणून चार महिने तो एका कुल्ल्यावर बसून सायकल हाणत होता. सीट दोनदा बदलली, तरी टोचायचं थांबेना. सासू दोन्या फेलिसा त्याला लांबून बघूनच ओरडायची, "जावई आले, अर्धे!"

आता परत जाऊन सांगणार काय? लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नेलिदाच्या पाळीचे तीन आठवडे वर गेले होते. तिनं बरणी उकळून घेतली होती, भरतकामाच्या रुमालात बांधून दिली होती, जणू बाळच आत आहे.

तेव्हा पराना नदीकाठी निकाल बेडूकच लावायचा. नर बेडकाला बाईची लघवी टोचायची. बाई गरोदर असेल, तर तीन तासांत बेडूक स्वतःच बाप व्हायच्या तयारीला लागतो. डॉक्टर त्याच्या लघवीचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात बीज शोधतात. गरोदर नसेल, तर बेडूक नुसता बसून राहतो. नेलिदासाठी तो आजवर पाच वेळा नुसता बसून राहिला होता. सहाव्यांदाही बसेल, असं म्हणत एवारिस्तो निलगिरीच्या झाडामागे गेला आणि बरणी भरून आला.

दुपारी डॉक्टर सारावींनी मिठी मारून सांगितलं, बेडूक नंबर सतरा हो म्हणतोय.

एवारिस्तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नेलिदा पदपथावरच रडत उभी होती. सासूनं लोकर काढली. गल्लीतल्या प्रत्येकानं सतरावर आकडा लावला. एवारिस्तोनं चारदा तोंड उघडलं, आणि चारही वेळा कोणीतरी त्यात केक कोंबला. सासूनं स्वतः उठून त्याला माते, तिकडचा कडू चहा, आणून दिला आणि खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. "बसा," ती म्हणाली, "आता पूर्ण बसा."

नवव्या दिवशी नेलिदाला पाळी आली. बाळ गेलं, असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पडली. सासूनं विणलेला एक मोजा उशीखाली सरकवला. जे कधी नव्हतंच, त्याच्या सुतकासाठी घरातले आरसे झाकले गेले. एवारिस्तो दारात उभा राहिला, मग सायकल काढून तिरका बसून डॉक्टरांकडे सुटला आणि सगळं ओकून मोकळा झाला.

डॉक्टर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. सतरा नंबरला पेन्शन द्यायला हवी, म्हणाले. बेडकाची खोड मोडायची म्हणून त्यांनी एवारिस्तोकडून ताजी बरणी भरून घेतली आणि दोन ताज्या दमाच्या बेडकांना टोचली. तीन तास दोघं माते पीत बसले. मुलगा हवा की मुलगी, नाव काय ठेवायचं, अशी थट्टा चालली होती. मग डॉक्टर उठले. पहिल्या बेडकाची काच बघितली. दुसऱ्याची बघितली. पहिल्याची पुन्हा बघितली.

"मूल राहिलं की बाईच्या अंगात एक हॉर्मोन तयार होतं," ते काचेवरून डोळा न काढता म्हणाले. "बेडकाला तेवढंच कळतं. ते कोणाचं, हे त्याला कळत नाही. पुरुषाच्या अंगात ते इतकं यायला नको. आलं, तर आत गाठ असते. वाईट गाठ."

एवारिस्तो हसला. तीन तास हसणंच चाललं होतं.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. खिडकीतून भिंतीला टेकवलेली सायकल दिसत होती. ते बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले.

"सीट दोनदा बदललीस ना," ते म्हणाले, "मग टोचतंय काय?"