पंजे रोवायला जागा

बायको गेल्यावर मागे उरलेला तिचा कुत्रा धापा टाकत होता आणि पुढचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरत होते. “काका, इंजेक्शन दिलंय, पण ते लागू पडेपर्यंत त्याने तग धरायला हवा,” घरी आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पंजे घट्ट रोवले की छातीचे स्नायू बरगड्या ओढून श्वास भरतात. खाली खरखरीत काहीतरी घाला, पटकन!” मी कपाटातून बायकोने विणलेली चटई ओढली. “बाबा, तिच्यावर तू मला पायसुद्धा ठेवू देत नाहीस!” मुलगी म्हणाली. “अगं, तुला कुठे धाप लागलीय?” कुत्र्याने पंजे रोवले, कोपरं बाहेर काढली आणि छाती भात्यासारखी फुलली. शेवटी शेवटी बायकोही श्वासासाठी टेबलाची कड अशीच धरून बसायची. “श्वास घेतोय गं, घेतोय!” मी ओरडलो. डॉक्टरीणबाई हसल्या, “पण लाळेने चटईची वाट लागली.” “लागू दे!” म्हणत मीही चटईवर बसलो.