लालवाल्यांचा विजय असो

शेजारच्या यानिनाला सोडून गेल्यापासून तिच्या नवऱ्याने, रामिरोने, पोराच्या खर्चाला दमडी दिली नव्हती. कोर्टात विचारलं की रिकामे खिसे उलटे करून दाखवायचा. "बेकार माणूस आहे साहेब, आणू कुठून?" पण रविवारी लाल क्लबची फुटबॉल मॅच असली की हा बेकार गडी सगळ्यांच्या पुढे, ढोल बडवायला! यानिनालाही काम नव्हतं. सरकार पोरामागे देतं त्या भत्त्यात अर्धा महिना निघायचा, उरलेला तिच्या बापाच्या पेन्शनवर.

मग नियम आला: पोराचा खर्च न देणाऱ्याला स्टेडियममध्ये प्रवेश नाही. रामिरोला ढोलासकट गेटवरून परत पाठवलं, सगळ्या दोस्तांदेखत. मंगळवारी पैसे जमा! पोटच्या पोरासाठी जे इतकी वर्षं मिळेना, ते ढोलासाठी दोन दिवसांत मिळालं. तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला येतात.

परवा यानिनाच्या बापाने घर डोक्यावर घेतलं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. घराणं पिढीजात निळ्या क्लबचं, आणि लेक मेरीमातेपुढे लाल क्लबसाठी मेणबत्ती लावून बसलेली!

"अगं, बापजाद्यांची तरी लाज बाळग! निळ्यांच्या घरात लाल जिंकावेत म्हणून नवस?"

"बाबा, ओरडू नका, आधी हात जोडा. लाल हरायला लागले की तो मॅचला जायचं सोडतो.

आणि त्याने मॅच सोडली, की तुमच्या नातवाचं दूध सुटतं."