तळ कोण बघतो?

आमच्या गावचा राखणदार देव रात्री शिवेवर फेऱ्या मारतो. म्हणून दर जत्रेला मी त्याच्या घुमटीत नव्या वहाणा ठेवतो आणि वर्षभर झिजलेल्या उचलून आणतो. गेल्या जत्रेनंतर लगेच डिचोलीकडच्या बंद खाणीत थीम पार्क उघडलं. तिथे राखणदाराचाच तीस फुटी फायबरचा पुतळा उभा केला, डोळ्यांत लाल दिवे आणि तोंडातून धूर. सगळा गाव तिकडे लोटला. त्या पुतळ्याच्या वहाणाही मीच शिवल्या.

"कृष्णनाथबाब, वरून झगझगीत करा," मॅनेजर हसत म्हणाला होता. "पुतळा आतून पोकळ आहे, तो थोडाच चालणार? तळ कोण बघतो?"

यंदा जत्रेच्या सकाळी घुमटीत मी एकटाच होतो. कुणी दिवासुद्धा लावला नव्हता. गेल्या वर्षीच्या वहाणा उचलून उलट्या केल्या, तर तळ कोरे करकरीत. मातीचा कणही नाही.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला.



"काय हो, आम्हाला वापरलेल्या वहाणा खपवल्यात? आज धुवायला काढल्या, तर तळाला भोकं पडलीत!"