मधातच थांबलेली होडी

पूर्णेच्या वाळूत गाडलेली जुनी होडी सापडली. हैदराबादहून निजामाचा साहेब आला, एकेक फळी मोजली अन् त्या मापानं माझ्यासारख्या गावच्या सुताराकडून वीतभर होडी करून घेतली. खरी उतरली का, हे पाहायला धुरपतामावशीला बोलावलं. ती नवरी होऊन त्याच होडीतून गावात आलती.

घंगाळातल्या पाण्यात होडी सोडली.

मावशी म्हनली, "समदं तसंच हाय. पर ती मधातच थांबायची."

साहेबाला कळंना. मला बराबर कळलं. नवरीनं उखाणा घेतल्याबिगर आमच्याकडचे नावाडी होडी काठाला लावत नसत.

मी होडी चिमटीत धरली. "घे उखाणा, मावशे! न्हाईतर बस पाण्यातच."

"मुडद्या, तवा लाजंनं तोंडच उघडलं न्हाई. सासऱ्यानं नावाड्याच्या हातापाया पडून सोडवलं. घरधनी मरूस्तोवर चिडवायचा, 'तुझी होडी अजून मधातच हाय!'"

मी हसाय लागलो. मावशी हसंना. होडीकडं बघत तिनं पदर सावरला.

"मुंजाजी," तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. यमक जुळवायला थांबलीच न्हाई.

माझी चिमटी आपसूक सुटली. होडी हळूच काठाला लागली.